यंत्राचं टोपडं

पिंपळधरा गावात हवा वर्षातून एकच दिवस खराब व्हायची. साहेब यायचे त्या दिवशी.

उरलेले तीनशे चौसष्ट दिवस ती उत्तम असायची. हे कुणा माणसाचं म्हणणं असतं तर सोडून देता आलं असतं. पण हे यंत्राचं म्हणणं होतं. साल २०४३. कारखान्यांजवळच्या प्रत्येक गावाला तेव्हा सरकारने एक हवामापक यंत्र दिलं होतं. पिंपळधऱ्याचं यंत्र ग्रामपंचायतीच्या आवारात, सिमेंटच्या चौथऱ्यावर होतं. ते हवा आत ओढायचं, तिच्यातली धूळ मोजायचं आणि चौकातल्या पाटीवर आकडा दाखवायचं. साठच्या आत असला की आकडा हिरवा, वर गेला की लाल. गावचा आकडा चार वर्षं तिशीच्या आसपास होता. असा आकडा म्हणे थंड हवेच्या ठिकाणी असतो. पिंपळधऱ्याला दीड किलोमीटरवर पोलादाचा कारखाना होता.

साहेब वार्षिक तपासणीला आले की मात्र पाटी लाल व्हायची. एकशे चाळीस, एकशे साठ. साहेब गेले की संध्याकाळपर्यंत पुन्हा हिरवी.

"साहेबाच्या गाडीचा धूर असते तो," सरपंच विलास ठेंगणे सांगायचे.

"काकाजी, साहेबांची गाडी तर विजेवर चालते," अकरा वर्षांच्या शर्वरी पाचभाईने एकदा म्हणून पाहिलं. "तिला धूरच नाही."

"मंग साहेबाचाच असन," सरपंच म्हणाले. विषय संपला.

शर्वरीचा विषय संपला नव्हता. तिचा भाऊ ओजस सहा वर्षांचा होता आणि त्याला दम लागायचा. वाक्य बोलताना तो मध्येच थांबायचा, श्वास घ्यायचा आणि उरलेलं वाक्य सांगायचा. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात औषध फवारायचा पंप दिला होता आणि आईला बजावलं होतं, "हवा बदला." आई म्हणाली होती, "बाई, आमची हवा हिरवी आहे." डॉक्टरीणबाईंनी पाटीचा आकडा फोनवर पाहिला आणि त्यांचाही नाइलाज झाला. त्यांनी मग आनुवंशिकता, पराग आणि मांजर यांच्यावर संशय घेतला. पाचभाईंकडे मांजर नव्हतं.

आता कारखान्याला तिसरी भट्टी हवी होती. शुक्रवारी गावात जनसुनावणी होती, म्हणजे लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायची सरकारी सभा. तिसरी भट्टी शर्वरीच्या वस्तीच्या अगदी पाठीशी येणार होती. आईने ठरवून टाकलं होतं: भट्टी आली की ओजसची रवानगी अमरावतीला, मावशीकडे. ओजसने यावर आपलं मत दोन श्वासांत सांगितलं होतं. "मी नाही... जाणार."

मंगळवारी सकाळी एसटीतून एक यंत्रमानव उतरला. उंचीने शर्वरीएवढा, रंगाने सरकारी कपाटासारखा, छातीवर '२७' असा आकडा. हा हवा तपासणी विभागाचा नवा तपासनीस. खरं तर तो येण्याआधी दोन दिवस गावाला कळवायचं होतं. पण कळवण्याचं काम ज्या कारकुनाकडे होतं तो रजेवर होता, आणि रजेवरच्या माणसाची वाट पाहायची असते हे सत्तावीसला कुणी शिकवलं नव्हतं.

शाळेला सुट्टी होती. ग्रामपंचायतीच्या आवारात शर्वरी आणि ओजस होते, दुसरं कुणी नव्हतं.

"सदर यंत्राच्या डोक्यावर काय आहे?" सत्तावीसने विचारलं.

"टोपडं," शर्वरी म्हणाली.

हे थोडं समजावून सांगायला हवं. आपल्याकडे घरात किमती वस्तू आली की तिला आधी कपडे शिवतात. टीव्हीला झालर, मिक्सरला झबलं, फ्रिजच्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल. वस्तू वापरायची राहिली तरी चालेल, पण तिच्यावर धूळ बसता कामा नये. पिंपळधऱ्यात हवामापक आलं तेव्हा तेही गावाचंच लेकरू झालं. त्याच्या वरच्या अंगाला एक नळी होती, नळीच्या टोकाला वाटोळं डोकं, डोक्याखाली बारीक जाळी. ती जाळी म्हणजे त्याचं नाक. पहिल्याच हिवाळ्यात महिला बचत गटाने त्याच्यासाठी टोपडं शिवलं: बाहेरून फुलाफुलांचं सुती कापड, आतून मऊ मलमल, मध्ये घरच्या कापसाचा बोटभर थर. टोपडं डोक्यावरून खाली येऊन गळ्याशी नाडीने आवळलेलं. मापं शर्वरीच्या आईने, प्रणालीताईंनी घेतली होती.

"टोपडं कशासाठी?"

"धूळ जाऊ नये म्हणून," शर्वरी अभिमानाने म्हणाली.

सत्तावीसने यंत्रावर लिहिलेलं नाव दोनदा वाचलं. यंत्रमानवाच्या हिशेबाने हे फार झालं.

"हे धूळ मोजायचं यंत्र आहे," तो म्हणाला.

शर्वरी यंत्राकडे पाहत राहिली. मग टोपड्याकडे.

"पण मागच्या साहेबांनी कधी काही म्हटलं नाही," ती म्हणाली.

"मागील तपासणीच्या वेळी टोपडं होतं का?"

"नाही. पाहुणे येणार म्हटलं की काढून ठेवतो ना. चांगलं दिसत नाही."

"वर्षातून किती वेळा काढता?"

"रविवारी धुवायला. पण वाळेपर्यंत लगेच दुसरं घालतो. दोन आहेत." ती थांबली. "आणि साहेब येतात त्या दिवशी. दिवसभर."

जे कोडं सरपंचांनी साहेबांवर ढकललं होतं, ते असं सुटलं.

सत्तावीसने नाडी सोडली आणि टोपडं उचललं. पाटीवर आकडा एकतीस होता. पाच मिनिटांनी चौऱ्याऐंशी झाला. पंधरा मिनिटांनी एकशे अडुसष्ट. लाल रंग चौकातल्या पानठेल्यापर्यंत पसरला आणि तिथले चार जण उठून बघायला आले.

"हा आकडा कशाचा असतो?" शर्वरीने विचारलं. चार वर्षं ती तो वाचत होती, पण विचारलं कधीच नव्हतं.

"एक खोका कल्पना करा. एक मीटर लांब, तितकाच रुंद, तितकाच उंच. त्यातल्या हवेत किती मायक्रोग्रॅम (ग्रॅमचा दहा लाखावा भाग) बारीक धूळ आहे, तो हा आकडा."

"दहा लाखावा? मग एकशे अडुसष्ट म्हणजे काहीच नाही की."

"वजनाने काहीच नाही. आता संख्या पाहा. हे कण अडीच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असतात. आपल्या डोक्याचा एक केस घेतला तर त्याच्या जाडीत असे पंचवीस-तीस कण शेजारी शेजारी उभे राहतील. वजन नगण्य, पण संख्या कोटींत."

"आणि ते खोकल्याने बाहेर पडत नाहीत?"

"मोठी धूळ नाकातल्या केसांत अडकते. त्याहून लहान घशात, चिकट पाण्यात. ती तुम्ही शिंकून, खाकरून टाकता. सगळ्यात बारीक कण मात्र कुठेच अडकत नाहीत. ते थेट वायुकोशांपर्यंत (फुप्फुसांतले द्राक्षाच्या घडासारखे चिमुकले फुगे) पोचतात. तिथे हवा आणि रक्त यांच्यात कागदाहूनही पातळ पडदा असतो. प्राणवायू त्यातून आत जातो. कण तिथे बसतात. शरीर त्यांना शत्रू समजून सूज आणतं. सूज आली की वाट अरुंद होते. अर्जदार क्रमांक दोन वाक्य अर्धवट सोडतात, ते त्यामुळे असू शकतं."

अर्जदार क्रमांक दोन म्हणजे ओजस. तो चौथऱ्यावर बसून टोपड्याची नाडी दातांत चावत होता.

"मला... कुणी फुगे... दिलेच नाहीत," तो म्हणाला.

"तर मग यंत्र खोटं बोलत होतं," शर्वरी म्हणाली.

"नाही. यंत्र बरोबर होतं. त्याच्या नाकापर्यंत जी हवा पोचली, ती त्याने प्रामाणिकपणे मोजली. ती टोपड्याच्या आतली हवा होती. मोजमाप फक्त एवढंच सांगतं, की जिथे मोजलं तिथे काय होतं. तुम्ही कुठे राहता हे त्याला माहीत नसतं."

गाव टोपड्याच्या आत राहत नव्हतं. शर्वरीला हे आत्ता, एवढ्या उशिरा आणि एवढं सोपं कळलं, याचाच तिला राग आला.

"मग ओजसलाच टोपडं शिवलं तर?"

"नाकावर घट्ट बसणारा मास्क थोडा वेळ उपयोगी पडतो. जेवताना, झोपताना, खेळताना नाही. शिवाय हवा गाळणं हे मुलाच्या नाकाचं काम नाही, चिमणीचं आहे. चिमणीत स्थिरविद्युत गाळणी (धुळीच्या कणांना विजेचा भार देऊन धातूच्या पत्र्याला चिकटवणारं यंत्र) असते. ती चालू असली तर शंभरातले नव्याण्णव कण बाहेर येत नाहीत."

"आपल्या कारखान्यात आहे ती?"

"आहे. नोंद आहे."

"चालू असते?"

सत्तावीसने आपला फॉर्म तपासला. त्यात एक्केचाळीस प्रश्न होते.

"गाळणी बसवली आहे का, हा प्रश्न क्रमांक नऊ आहे. ती चालू असते का, असा प्रश्न नाही."

एव्हाना सरपंच आले होते. त्यांनी लाल पाटी पाहिली, उघडं यंत्र पाहिलं आणि सत्तावीसला पाहून कपाळाला हात लावला.

"अरे बाप्पा! चांगलं चाललेलं यंत्र बिघडवलं ना तुम्ही! शुक्रवारी सुनावणी आहे. घाला ते टोपडं."

"टोपडं घातल्यास मोजमाप चुकीचं ठरेल."

"चार वर्षं बरोबर होतं, आता काहून चुकते?"

तेवढ्यात शर्वरीची आई आली. तिला पानठेल्यावरूनच कळलं होतं. शर्वरीने तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं: खोका, केस, द्राक्षाचा घड, टोपडं. प्रणालीताईंनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी त्यांनी टोपडं हातात घेतलं आणि उलटं केलं. मलमल पांढरी होती. बाहेरचं फुलांचं कापड मात्र काळं पडलं होतं.

"दर रविवारी धुते मी हे," त्या म्हणाल्या. "तीन पाणी काळं निघते. मले वाटे, कापडाचा रंगच कच्चा आहे. दुकानदाराशी भांडली मी त्यावरून."

त्यांनी टोपड्याची घडी घातली.

"चार वर्षं एका पाईपाला जपलं," त्या म्हणाल्या आणि ओजसला कडेवर घेऊन घरी गेल्या. तो कडेवर घ्यायच्या वयाचा नव्हता, पण त्याने तक्रार केली नाही.

शुक्रवारी शाळेच्या पटांगणात मांडव पडला. कंपनीने समोसे ठेवले होते आणि पडद्यावर चित्रं दाखवली. पहिल्या चित्रात फुलपाखरू होतं. दुसऱ्यात पिंपळधऱ्याचा चार वर्षांचा आलेख, हिरवागार, सरळ. "दोन भट्ट्या चालू असूनही एवढी शुद्ध हवा," कंपनीचे गृहस्थ म्हणाले, "हे श्रेय गावाचं आहे." ते किती खरं बोलत होते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

प्रणालीताई उठल्या. हातात टोपडं होतं. त्यांनी सुनावणीच्या अध्यक्षसाहेबांना सगळं सांगितलं. मांडवात हसू फुटलं. टोपडं पाहून कुणालाही येईल असं ते हसू होतं. साहेबांनी सत्तावीसला पुढे बोलावलं.

"यंत्रात बिघाड आहे?"

"नाही."

"चार वर्षांचे आकडे यंत्राने स्वतःच नोंदवलेले आहेत?"

"होय."

"ठीक आहे. बसा."

"त्याला विचारा ना, कुठली हवा मोजली!" शर्वरी मागून ओरडली.

"अठरा वर्षांखालील व्यक्तींना बोलता येत नाही," साहेब म्हणाले. ते कठोर नव्हते. त्यांच्याही घरी तेवढीच मुलगी असावी, असं त्यांच्या आवाजावरून वाटलं. प्रणालीताईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. सत्तावीसने उत्तर दिलं, "कापसातून गाळलेली." कारकुनाने ते लिहून घेतलं.

साहेबांनी मग चष्मा काढला आणि नियम समजावला. हवा खराब आहे हे सिद्ध व्हायला सलग तीन वर्षांची नोंद लागते. गावाकडे चार वर्षांची चांगली नोंद होती आणि तीन दिवसांची वाईट. तीन दिवस म्हणजे काहीच नाही. गावाने आता टोपडं न घालता तीन वर्षं मोजावं. आकडा तरीही लाल राहिला तर शासन नक्की विचार करेल.

"म्हणजे हवा वाईट आहे हे दाखवायला ती तीन वर्षं खायची?" प्रणालीताईंनी विचारलं.

"नोंदवायची," साहेबांनी दुरुस्ती केली.

तिसऱ्या भट्टीला सशर्त मंजुरी मिळाली. सरकारी यंत्रात अडथळा आणल्याबद्दल महिला बचत गटाला ताकीद मिळाली. त्या दिवशी गावाला लेखी मिळालेली गोष्ट तेवढीच. समोसे उरले नाहीत.

शनिवारी सत्तावीस परत निघाला. एसटीच्या थांब्यावर शर्वरी त्याच्या शेजारी उभी राहिली. तिला त्याचा राग आला होता, पण दुसरं कुणी तिला इतकं नीट समजावूनही सांगत नव्हतं.

"तू काही बोलला नाहीस."

"विचारलं तेवढं बोललो."

"तेच तर. तुझ्या फॉर्ममध्ये तो प्रश्न असता तर?"

"तर मी गाळणीचं विजेचं मीटर वाचलं असतं. गाळणी बंद असते तेव्हा ती वीज खात नाही. मीटर पाहिलं की दिवसातून किती तास चालली ते कळतं."

"मग तो प्रश्न घाला ना फॉर्ममध्ये!"

"नियम आहे," सत्तावीस म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी घाई होती, कारण एसटी दिसू लागली होती. "एकाच गावातून, एकच प्रश्न, तीस दिवस रोज एक याप्रमाणे लेखी आला, तर तो आपोआप फॉर्ममध्ये जातो. प्रश्न क्रमांक बेचाळीस. अर्जदाराला वयाची अट नाही. हा नियम कुणी वापरलेला नाही, म्हणून कुणी रद्दही केलेला नाही."

एसटी आली. कंडक्टरने त्याला सामान समजून मागच्या दाराने चढवलं.

ओजस रविवारी गेला. भट्टीच्या पायाचं खणकाम सुरू व्हायच्या आधी त्याला न्यावं, असं मावशीचं म्हणणं पडलं. तो रडला नाही. रडायलाही सलग श्वास लागतो.

सोमवारी शर्वरीने हवा तपासणी विभागाला पहिला अर्ज लिहिला. "चिमणीतली गाळणी दिवसातून किती तास चालू असते?" एवढंच. मंगळवारचा अर्ज आईने लिहिला, बुधवारचा बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी. नंतर बायकांनी आपापसांत वार वाटून घेतले. अर्ज टाकायला जाताना त्या कारखान्याच्या फाटकावरून जायच्या आणि तोच प्रश्न पहारेकऱ्यालाही विचारायच्या. तो आधी हसायचा, मग चिडायचा. बाराव्या दिवशी तो खालच्या आवाजात म्हणाला, "दिवसा असते जी. माझं नाव नका सांगू."

सरपंच या भानगडीत पडले नाहीत. पण सतराव्या दिवशी ज्यांचा वार होता त्या तापाने निजल्या. तेव्हा अर्ज चुकू नये म्हणून तो सरपंचांनी स्वतः टाकला आणि कुणाला सांगू नका असं चार जणांना सांगितलं.

पाटी रोज लाल होती. शर्वरी आकडा वहीत उतरवायची. एकशे एकाहत्तर. एकशे अठ्ठावन्न. दोनशे तीन.

एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी मावशीचा फोन आला आणि तो ओजसने हिसकावला.

"ताई मावशीच्या शेजारी एक कुत्रं आहे त्याचं नाव बटाटा आहे आणि ते मला बघून पळतं मग मी त्याच्या मागे पळतो आणि मावशी माझ्या मागे पळते आणि दमते."

शर्वरीने ते वाक्य मनात पुन्हा म्हटलं आणि मोजलं. सत्तावीस शब्द. मध्ये एकही श्वास नाही.

मुलगा तोच होता. औषधाचा पंप तोच होता. बदलली होती फक्त हवा. तिने वहीत आजच्या लाल आकड्याशेजारी लिहिलं: ओजस, अमरावती, एका दमात सत्तावीस शब्द. हा पुरावा कुठल्याही सुनावणीत चालणार नाही हे तिला माहीत होतं, आणि तो खरा आहे हेही.

"ताई, ऐकते ना? मी घरी कधी येऊ?"

आई दारात उभी होती. तिच्या हातात उद्याचा कोरा कागद होता. तिने सगळं ऐकलं होतं.

"अजून माहीत नाही रे," शर्वरी म्हणाली. "पण आम्ही विचारतो आहोत. रोज विचारतो."

"मग उद्या जोरात विचार," ओजस म्हणाला आणि बटाटा भुंकला म्हणून फोन टाकून पळाला.

शर्वरीने आईच्या हातातला कागद घेतला आणि विसावा अर्ज लिहायला बसली.